काळ्या रेघेचा कागद

१

सलामा मागच्या दाराने आला असता तर मला काही वाटलं नसतं. काल दुपारी तो तसाच आला होता, स्वयंपाकघरातून, मान खाली घालून, आणि मीच त्याला आत घेऊन वकीलबाई उस्ताझा सुहैरच्या खोलीपर्यंत पोचवलं होतं. आज सकाळी मात्र तो पुढच्या दाराने सरळ आत शिरला, नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांच्या देखत तिच्या टेबलापाशी गेला आणि तिच्या बशीशेजारी घडी घातलेला एक कागद ठेवला.

"पहाटे कुणीतरी दाराखालून आत सरकवला," तो म्हणाला. "बायकोला सापडला. तिला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं."

सुहैरने घडी उलगडली आणि तिचा हात तिथेच थांबला. मी चहाची किटली घेऊन मागे उभी होते. खोटं कशाला बोलू, वाकून पाहिलंच. तो सलामाचाच जबाब होता. काल बंद दाराआड त्याने सांगितला, तिने स्वतः टाईप केला. बाजूला पेनाने दोनच शब्द खरडलेले होते: 'विचार कर.'

आमच्या अकबा बंदरावर साखळी तुटून मालाचं खोकं कोसळलं आणि खाली दोन हमाल गेले, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. माल उतरवणारी कंपनी म्हणत होती की साखळी अचानक तुटली. साखळीला चीर गेली होती आणि ती आदल्याच दिवशी फोरमन मुहन्नदला दाखवली होती, हे सांगायला एकटा सलामा तयार झाला होता. तो तिथे क्रेन चालवतो. त्याचा धाकटा भाऊही तिथेच कामाला. म्हणून कोर्टाच्या उद्याच्या तारखेपर्यंत त्याचं नाव कुणाच्या कानावर जायचं नव्हतं. त्या हमालांच्या दोन विधवांची सगळी केस या एका माणसाच्या तोंडावर उभी होती.

"सलामा, अल्लाची शपथ घेऊन सांगते, मी कुणालाही..." सुहैर उठली.

"शपथ कोर्टात घ्या, उस्ताझा. मी येत नाही." तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही, उम्म सैफ. काल तुम्ही मला चहा पाजलात."

एवढंच म्हणून तो गेला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मी तो कागद पुन्हा पाहिला. उजव्या कडेने वरपासून खालपर्यंत एक जाड काळी रेघ उतरली होती. ती रेघ माझ्या हॉटेलच्या प्रिंटरची होती.

२

हल्लीचे पाहुणे सगळं ऑफिस खिशातल्या फोनमध्ये घालून फिरतात, आणि ऐन वेळी कळतं की समोरच्याला कागदच हवा आहे. कोर्टाला कागद हवा, जकातीला कागद हवा, बँकेला तर एकाला तीन हवेत. मग ते रिसेप्शनवर येतात आणि गोड आवाजात विचारतात, "उम्म सैफ, एक पान निघेल का?" एक पान कधीच नसतं. लोक प्रिंटरवर काय काय विसरून जातात ते सांगायला बसले तर अर्ध्या गावाची लग्नं मोडतील.

आमचा प्रिंटर रिसेप्शनच्या मागे एका कोनाड्यात आहे. खाली कचऱ्याची टोपली. वर भिंतीवर कुलूप लावलेली हिरवी पेटी, तिच्या झाकणाला टपालपेटीसारखी फट. ज्या कागदावर अल्लाचं नाव असेल तो त्या पेटीत जातो, आणि मशिदीचे शेख अधूनमधून येऊन सगळे कागद रीतसर घेऊन जातात. टोपली फव्वाज रोज संध्याकाळी रिकामी करतो. फव्वाज म्हणजे माझा रिसेप्शनचा माणूस, कामाला बरा, जिभेला सैल.

सुहैर शहाणी बाई. कालही तिने जबाब मेलने रिसेप्शनला पाठवला नाही. पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः खाली आली, सोबत तिचा कारकून वाएल. पहिल्यांदा कागद काळ्या रेघेसकट बाहेर आले. कोर्टात असलं चालत नाही, म्हणून मी शाईचं नवं काडतूस घातलं आणि रिकामा खोका टोपलीत फेकला. मग स्वच्छ प्रती निघाल्या. तेवढ्यात तिला अम्मानहून फोन आला. "वाएल, खराब कागदांचं तेवढं बघा," असं म्हणून ती स्वच्छ प्रती घेऊन वर गेली. मी स्वयंपाकघरात गेले. बस, इतकीच गोष्ट.

"म्हणजे कोनाड्यात कोण उरलं?" अबू रुकय्यांनी विचारलं.

अबू रुकय्या माझ्याकडे कायमचे राहतात. बायको गेल्यावर घर विकून कोपऱ्यातली खोली घेतली. आयुष्यभर बंदराच्या जकातीत दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्या, त्यामुळे माणसं बघतानाही तोंड बघायच्या आधी कुलूप बघतात. मीच त्यांना टेबलावर बोलावलं होतं. सुहैर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मला सहन होत नव्हती. सलामा कालच्या दिवशी इथे आला हे जाणणारी तिच्याखेरीज मी एकटीच होते ना.

"वाएल होता," मी म्हटलं. "फव्वाज काउंटरवर. आणि त्याच्यासमोर तो लांब नाकाचा पाहुणा, इंजिनिअर नाएफ, आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळत होता."

फव्वाज चोरासारखा जवळ आला. "उम्म सैफ, रागावू नका. त्या इंजिनिअर साहेबांचं बिल कोण भरतं ठाऊक आहे? तीच कंपनी. साखळीवाली."

३

सुहैर तडक नाएफकडे निघाली. अबू रुकय्यांनी तिला हाताने थांबवलं. "आधी तुमच्या घरचा माणूस, उस्ताझा. परक्याला शेवटी. परका पळून जाऊन जाऊन जाईल कुठे, समोर समुद्र आहे."

वाएल पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. हातात जपमाळ. अकरा वर्षं सुहैरच्या फायली सांभाळत आला होता. समोर बसला, झालं ते ऐकून मान हलवत राहिला.

"बिचारा सलामा," तो म्हणाला. "मी तर त्याचं नावही आत्ता ऐकतोय. तो खराब कागद मी न वाचताच टाकून दिला."

"कुठे?"

"टोपलीत. प्रिंटरखालच्या. मला काय ठाऊक, कुणी तो उचलेल म्हणून."

"नाश्ता केलात का?" अबू रुकय्यांनी अचानक विचारलं.

वाएल कसनुसं हसला. "दोन घास. तुमच्याकडचं ऑलिव्हचं तेल चांगलं आहे, पण आमच्या गावच्या, तफीलाच्या तेलाची सर नाही."

तेवढ्यात नाश्ता वाढणाऱ्या पोराच्या टोपलीतून भाकरीचा एक तुकडा खाली पडला. वाएल बोलता बोलता वाकला, तुकडा उचलून ओठांना लावला, कपाळाला टेकवला आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझी आईही असंच करायची. मला तो माणूस त्या क्षणी आवडला, हे कबूल करते.

मग फव्वाजची पाळी. तो आल्या आल्याच भडकलेला.

"टोपली मी रिकामी केली, दररोज करतो. म्हणून मी कचरा वाचत बसतो की काय? इथे पाहुण्यांच्या तक्रारी वाचायला वेळ मिळत नाही मला."

"टोपलीत काय होतं?"

"कचरा होता, अबू रुकय्या. टोपलीत कचराच असतो. हिरे असते तर मी इथे चाव्या वाटत बसलो असतो का?"

अबू रुकय्यांना हसू आलं. सुहैरला नाही. तिचा चहा तसाच गार होत होता आणि ती दर दोन मिनिटांनी सलामाला फोन लावत होती. तो बंद होता. "उद्या तो आला नाही तर," ती मला हळूच म्हणाली, "त्या दोघींना मी काय सांगू? त्यांच्यातल्या धाकटीला अजून नीट रडताही आलेलं नाही."

नाएफला बोलवायला फव्वाज वर गेला आणि धापा टाकत परत आला.

"साहेब बॅग भरतायत," तो म्हणाला.

४

इंजिनिअर नाएफला अबू रुकय्यांनी जिन्यातच गाठलं. मी आणि सुहैर मागे उभ्या होतो. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घाम होता.

"काल काय छापायला आला होतात?"

"विमानाचं तिकीट."

"तिकीट एका पानाचं असतं. फव्वाज म्हणतो तुम्ही जाडजूड पाकीट घेऊन वर गेलात."

नाएफने आमच्याकडे पाहिलं, मग जिन्यावर वर-खाली पाहिलं. शेवटी बॅग उघडून त्याने ते पाकीटच अबू रुकय्यांच्या हातात दिलं. आत नोकरीचा अर्ज होता, दोहाच्या एका कंपनीला, सोबत सगळी प्रमाणपत्रं.

"माझ्या साहेबाला हे कळलं तर आज संध्याकाळी मी रस्त्यावर येईन," तो म्हणाला. "ज्या दिवशी ती माणसं खोक्याखाली गेली ना, त्या दिवसापासून मला तिथे पाय ठेववत नाही. तुमच्या कागदाशी माझा संबंध नाही."

"असेलही खरं. कोनाड्यात गेलात तेव्हा वाएल निघून गेला होता?"

"हो. खिशात काहीतरी घालत बाहेर आला, आणि मग मी आत गेलो."

"टोपलीत कागद होता?"

नाएफने क्षणभर विचार केला. "नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण माझंही एक पान तिरकं आलं. टोपलीत टाकणार होतो, पण तिथे शाईच्या खोक्याखेरीज काही नव्हतं. माझं एकटंच पान वर दिसलं असतं, कुणीही वाचलं असतं. म्हणून परत घेऊन आलो. पाकिटात मागे आहे बघा."

मागे ते तिरकं पान होतं.

सुहैर जिन्याच्या कठड्याला टेकली. "हा खोटं बोलत असेल. कंपनीचाच माणूस आहे हा. वाएलला मी अकरा वर्षं ओळखते, अबू रुकय्या. माझे वडील वारले तेव्हा कबरीत माती लोटायला तो माझ्या भावांच्या आधी उभा होता."

"म्हणूनच मी नाएफच्या शब्दावर जाणार नाही," अबू रुकय्या म्हणाले. "उस्ताझा, एक सांगा. तुमच्या जबाबाच्या माथ्यावर काय लिहिलं होतं?"

"माथ्यावर? बिस्मिल्लाह. सलामाने बोलायला सुरुवातच तशी केली, म्हणून मीही तसंच टाईप केलं. आमच्या ऑफिसच्या सगळ्या कागदांवर असतं."

"काल रेघेसकट किती कागद निघाले?"

"दोन. जबाब, आणि विधवांनी सही करायचं वकीलपत्र."

अबू रुकय्या माझ्याकडे वळले. "उम्म सैफ, हिरव्या पेटीची किल्ली आणा."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं असं वाटलं. किल्ली माझ्याच जुडग्यात होती. मी कुलूप काढलं. पेटीत वर्तमानपत्राची कात्रणं होती, एक लग्नपत्रिका होती, कुणा पाहुण्याच्या नमाजाच्या वेळांचं पत्रक होतं. आणि सगळ्यांच्या वर, नीट घडी घातलेलं, उजव्या कडेला काळी रेघ असलेलं एक वकीलपत्र होतं.

जबाब नव्हता.

५

वाएल कोनाड्याच्या तोंडाशी येऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"हे तुम्हीच पेटीत टाकलंत," अबू रुकय्या वकीलपत्र हातात धरून म्हणाले. आवाज अगदी शांत, जकातीत म्हातारीची पेटी उघडताना असेल तसा. "आणि त्याच मिनिटाला, त्याच हाताने, अल्लाचं तेच नाव लिहिलेला दुसरा कागद कचऱ्यात टाकलात? जो माणूस भाकरीचा तुकडा जमिनीवर राहू देत नाही, तो?"

वाएल जपमाळेचे मणी सरकवत राहिला.

"पेटीत टाकला असं म्हणाला असतात तर आम्ही पेटी उघडून पाहिलं असतं. टोपली रिकामी होऊन गेली होती, तिथे कोण बघणार. म्हणून टोपली म्हणालात. खोटं बोलायला ती एकच जागा उरली होती, आणि नेमकी तीच जागा अशी, की तुम्ही तिथे तो कागद मरता मरताही टाकला नसता."

"वाएल," सुहैर म्हणाली. "नाही म्हण." इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच एकेरीत बोलत असावी.

वाएलने जपमाळ खिशात घातली. "पेटीतच टाकणार होतो," तो म्हणाला. "वकीलपत्र टाकलं. दुसरा फटीत घालताना मुहन्नदचं नाव दिसलं."

"फोरमन मुहन्नद? त्याचा तुझा काय..."

"तोही तफीलाचाच," अबू रुकय्या हलकेच म्हणाले. "बंदरावर त्याला सगळे तफीलाचा मुहन्नद म्हणतात."

"माझ्या बहिणीचा मुलगा," वाएल म्हणाला. "मी त्याचा मामा, उस्ताझा. केस हातात घेतलीत त्या दिवशीच सांगायला हवं होतं. वाटलं, साखळी कंपनीची, दोष कंपनीवर जाईल, पोराचं नाव कुठे येतंय. आणि तिथे काळ्यावर पांढरं, नाही, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं... त्याने चीर पाहिली होती. पाहून काम चालू ठेवलं. मी कागद खिशात घातला आणि इथेच राहणाऱ्या बहिणीकडे गेलो. तिला दाखवला. म्हटलं, तुझ्या पोराला विचार, हे खरं आहे का. एवढंच. दाराखाली कागद सरकवायला मी सांगितलं नाही."

"पण ठेवून आलास," सुहैर म्हणाली.

"हो. तिने मागितला. ती रडत होती."

सुहैरचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं. ती खाली पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अपराधी सापडला होता, पण सलामाचा फोन अजून बंदच होता आणि कोर्टाची तारीख उद्याचीच होती. रहस्य उलगडून काय मिळवलं, असा मला प्रश्न पडला. चोर सापडल्याने त्या विधवांच्या घरात काय उजेड पडणार होता.

"चला," वाएल म्हणाला. "सलामाच्या घरी चला. मी येतो. त्याला कळायला हवं की तुम्ही त्याला विकलं नाही."

६

आम्ही चौघं गेलो. सलामाचं घर टेकडीच्या उतारावर, दारातून बंदराच्या क्रेन दिसतात. त्याने दार उघडलं, सुहैरला पाहून त्याचा जबडा आवळला गेला, पण दारात आलेल्यांना बाहेर ठेवणं त्याच्याने झालं नाही. आम्ही गादीवर बसलो. त्याच्या बायकोने कडू कॉफी आणली. सलामाने एकेकाच्या हातात पेला दिला.

सुहैरने आपला पेला समोर जमिनीवर ठेवला, ओठ न लावता. वाएलनेही ठेवला. मागणं घेऊन आलेला माणूस असंच करतो. घरधनी 'प्या' म्हणाला की मागणं मान्य झालं.

सलामाने दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. "बोला."

वाएल बोलला. काही लपवलं नाही, बहिणीचं रडणंसुद्धा आधाराला घेतलं नाही. कागद कसा निघाला, कसा खिशात गेला, टोपलीचं खोटं, सगळं. बोलताना त्याचे डोळे चटईवर होते. "या बाईंनी तुझं नाव मलाही सांगितलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "उद्या त्यांनी मला उभं केलं तर मी कोर्टात हेच सांगेन. मुहन्नदसमोर सांगेन."

आत कुठेतरी सलामाचं मूल खोकत होतं. सलामाने एकदा तिकडे पाहिलं.

"माझ्या भावाला आज कामावर घेतलं नाही," तो म्हणाला. "दारातूनच परत पाठवला. उद्या मी बोललो तर मलाही पाठवतील. न बोललो तरी आता पाठवतीलच. एवढं केलंस तू."

वाएलने मान हलवली.

सलामा सुहैरकडे वळला. "ते दोघं माझ्याच खोक्याखाली गेले, उस्ताझा. क्रेनचा दांडा माझ्या हातात होता. मी येतो उद्या. कॉफी प्या."

सुहैरने पेला उचलला. घाईत अर्धी कॉफी तिच्या ओढणीवर सांडली, आणि उरलेली ती एका घोटात प्यायली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

वाएलचा पेला तसाच होता. त्याने माफीचं मागणं तोंडाने उच्चारलं नव्हतं, पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

"मामा आहेस ना तू त्याचा," सलामा म्हणाला. "मलाही भाचे आहेत. त्यांच्यासाठी मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही." तो थांबला. वाएलने मान वर केली. "पण तो कागद माझ्या बायकोने उचलला. मूल तिच्या कडेवर होतं."

त्याची बायको आली, सुहैरचा, माझा आणि अबू रुकय्यांचा पेला तबकात ठेवला. चौथ्या पेल्यापाशी ती थबकली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो तिथेच ठेवून आत गेली.

आम्ही उठलो. सुहैर दारापर्यंत गेली आणि वळली. "वाएल?"

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला.

उतारावरून गाडीपर्यंत येताना मी एकदा मागे पाहिलं. दार उघडंच होतं. सलामा भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्यासमोर वाएल मांडी घालून, गार होत चाललेल्या पेल्याकडे बघत.